जोहराच्या उशीचं पाचवं फूल

दुबई, ९ फेब्रु. १९६६
माझी उशी गेली. सकाळी बोट लावलं तर मधोमध मऊ, काळी. उशीसारखं फुगीर वाढतं म्हणून हे डोंगरी झाड उशीच; सिस्टर क्लारांनी स्वित्झर्लंडहून पाठवलेल्या बियांतलं हे माझं शेवटचं रोप. एवढ्या उन्हाळ्यातून जगवलं होतं. दगडांच्या फटीत हिरवी, गच्च, दोन आण्याच्या नाण्याएवढी झाली होती...
पाचगणीच्या शाळेत सिस्टरांची रॉकरी, दगडांतली बाग, माझ्याकडे असायची. फक्त माझ्याकडे.
उरलेल्या बिया शेजारच्या जोहराला मीच दिल्या, कौतुकानं. तिची उशी जिवंत आहे.

१२ फेब्रु.
जोहरा आली. मुरूडची, चौथी शिकलेली. कुंडी हुंगून हसली. "खाला, म्हावऱ्याचं पाणी घातलंत?"
घातलं. दर आठवड्याला, सुरमई धुतलेलं. रत्नागिरीला आमचा कढीलिंब त्यावरच पोसला.
"डोंगरातलं झाड ते, उपाशी राहणारं. तुम्ही त्याला जावयासारखं जेवू घातलंत!"
सिस्टरही हेच सांगायच्या. मी विसरले, आणि हिला कुणी न सांगता...
हे म्हणाले, "जोहराच्या हाताला गुण आहे." माझ्या हाताबद्दल इतक्या वर्षांत अवाक्षर नाही.

२ मार्च
सिस्टरांचं पत्र. अक्षर थरथरतंय. 'फुललं का? एक फूल दाबून पाठव. मला आता डोंगर चढवत नाही.'
जोहराच्या उशीवर पाच कळ्या. बोलावून मोजून दाखवल्या. तिच्या नवऱ्याच्या कंपनीनं एसी दिलाय, म्हणून. एसीत काय, कुणाचंही येईल.
(आमच्याकडेही आहे.)

१० मार्च
जोहरा डोंगरापलीकडे खोर फक्कानला गेली, लेकीच्या बाळंतपणाला. लँड-रोव्हरवाला घाईनं "यल्ला, यल्ला" ओरडतोय आणि ही आपली कुंडी माझ्या हातात देते.
"तुमच्यावर सोडते, खाला. दगडांवर थोडं पाणी शिंपडा, बस. म्हावरं आपण खायचं, हां!"

१६ मार्च
पहिलं फूल. गुलाबी, करंगळीच्या नखाहून लहान. माझ्या खिडकीत.
दुपारी मासे धुतले. पातेलं घेऊन कुंडीशी उभी राहिले. बराच वेळ. मग पाणी मोरीत ओतलं.
पातेलं दोनदा घासलं.

१९ मार्च
पाचही उमलली. एक खुडलं. डिक्शनरीत दाबलं.

२४ मार्च
सिस्टरांना लिहिलं, शाळेतल्या वळणदार अक्षरात. 'माझ्या खिडकीत फुललं.' वाक्यात खोटं काही नाही. चारदा वाचलं. कन्फेशन आम्हा मुसलमान मुलींना नव्हतं, पण सिस्टर चेहऱ्यावरून ओळखायच्या.

२७ मार्च
जोहरा परतली. नातू झाला. खजूर आणले. कुंडीपुढे उकिडवी बसली, बोट फिरवलं. "चार."
मग माझ्याकडे न बघता, "तुमच्या सिस्टरला पाठवायला घेतलंत ना? बरं केलंत. नाव कुणाचं लिहिलंत?"
"चहा उतू जातोय," म्हटलं आणि आत गेले.
जाताना तिनं कुंडी नेली नाही. "राहू दे खाला, इथं रमलीय."
नेली असती तर बरं झालं असतं.

२८ मार्च
पाकिटावर तिकीट लावलंय. पाकीट अजून बंद केलं नाही. पत्रात माझ्या सहीच्या वर एका ओळीची, एका नावापुरती जागा आहे.
हे विचारतायत, टपालात टाकू का?