तिरक्या मानेची सुरई

तीनशे वर्षं जुनी म्हणे. संग्रहालयात पेटीत ठेवलेली ती तिरक्या मानेची काचेची सुरई मी केली आहे, बत्तीस वर्षांपूर्वी, आणि मी अजून जिवंत आहे. खोटी पाटी लावणारे अध्यक्ष म्हणजे माझे धाकटे दीर. म्हणून हे मृत्युपत्र आजच लिहिते. वय चोपन्न, शिक्षण तिसरी, डोकं ठिकाणावर. कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्मायचाय.

राहतं घर मुलीला. भिंतींत जुन्या लोकांनी टाकाऊ काचेच्या ढेपा घातल्या आहेत, तेव्हा जावयाने तिला विचारल्याशिवाय खिळा मारू नये.

नवऱ्याची लोखंडी फुंकणी मुलीलाच. बाई भट्टीजवळ आली की काच तडकते, असं सासरे सांगायचे. एकदा पुरुष जेवायला गेले आणि मी फुंकणी उचलली. धाकटी जाऊ, याच दिरांची बायको, दारात पहाऱ्याला. सुरई झकास फुगत होती, तेवढ्यात मला शिंक आली. मान वाकडी.

जाऊ म्हणाली, “ताई, ही आमच्या ह्यांच्यावर गेली. सरळ बघतच नाही.”

थंड झालेली सुरई हसता हसता हातातून निसटली, काठाचा टवका उडाला. मी ती मागच्या काचकचऱ्यात पुरली. दिरांनी गेल्या वर्षी तीच खणून काढली. पाटीवर लिहिलंय, ‘मान मुद्दाम वाकवण्याची प्राचीन शैली.’ सांगायला गेले तर म्हणाले, “वहिनी, तुम्हाला यातलं काय कळतं?”

टवका माझ्या मिठाच्या डब्यात आहे. तोही मुलीला. जावेला काही नाही, कारण साक्षीदाराला काही देऊ नका म्हणून वकिलाने बजावलंय. ती समजून घेईल.

राहिली जुनी भट्टी. वाळू उपसणारे, लाकूड तोडणारे हिच्याभोवती राहिले, त्यातून आजूबाजूची अकरा गावं झाली. ती माझ्या नावावर आहे आणि संग्रहालयाला हवी आहे. पाटीवर ‘ही थोरल्या सुनेने केली, मान शिंकेने वाकली’ एवढं आलं, तर भट्टी संग्रहालयाला. नाही तर कोंबड्या पाळणाऱ्या शेजारणीला.

साक्षीदार:
१. धाकटी जाऊ. काल पेटी पुसायच्या निमित्ताने टवका बसवून पाहिला. चपखल बसतो.
२. दवाखान्यातले डॉक्टर. बाईंचं डोकं ठिकाणावर आहे, जीभ नाही.

सही: भट्टीवाल्यांची थोरली सून
ठिकाण: भट्टीमागची खोली
तारीख: ३ मार्च

भाऊजी, याची एक प्रत तुम्हाला. उत्तर लेखी हवं, ३१ मार्चला संध्याकाळी पाचच्या आत. मी मरायची वाट बघू नका. एक एप्रिलला सकाळी शेजारीण खुराडी घेऊन येतेय.