अब्बांच्या गादीचा कापूस

अब्बा, तुमच्याशी मी कधी मराठीत बोलले नाही. घरात आपलं सगळं दख्खनीतच चालायचं. पण लिहायला बसलं की मला मराठीच येतं, शाळा मराठी होती ना. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता फक्त गिऱ्हाइकांशी बोलतानाचा आठवतो, आणि तोही मराठीतलाच आहे.

चाकूरच्या ओसरीत तुम्ही पिंजणाची तार वाजवताय, भुवयांवर कापूस चिकटलाय, आणि दोन घरच्या गाद्या एकदमच पिंजायला आल्यात. एक बाई म्हणते, उरका की दोन्ही एकदाच, कापूस तो कापूस. तुम्ही हात थांबवता. "न्हाई बाई. ज्याच्या घरचा कापूस त्याच्याच घरी जायला पायजे. माणूस निजलेला असतोय त्याच्यावर." मग एक ढीग संपवून, जमीन झाडून, तेव्हा कुठे दुसरा. अम्मी वैतागायची, अशानं पोट भरतं का म्हणायची. मलाही तो नसता उद्योगच वाटायचा.

आता मी नांदेडला एका प्रयोगशाळेत कापसाचंच काम करते. कापूस उकळून, घोटून त्याचा लगदा करायचा, कोळंबीच्या टरफलांपासून काढलेली पूड आंबट पाण्यात विरघळवून त्यात मिसळायची आणि काचेवर पसरून वाळवायची. पातळ, पारदर्शक कागद निघतो. शेतात रोपांभोवती अंथरलेलं प्लास्टिक मातीत तसंच पडून राहतं, आमचा कागद काम संपलं की मातीच व्हावा, एवढीच खटपट. समुद्र न पाहिलेल्या पिंजाऱ्याची लेक कोळंबीची टरफलं घोटत बसते, यावर तुम्ही पोट धरून हसला असता. कागद जिरतो का हे बघायला तुकडे कुंड्यांत पुरतात, माती ओली ठेवतात आणि मुदत भरली की उकरतात. पाणी घालायचं काम माझ्याकडे आहे.

भाईनं यंदा घर नव्यानं बांधलं. फोमच्या गाद्या आणल्या आणि तुमची गादी टाकून देतो म्हणाला. मी ती उसवली, कापूस पोत्यात भरला आणि एसटीनं नांदेडला आणला. का आणला, ते मला नीट सांगता येणार नाही. आमचे सर म्हणाले, थोडाच तर आहे, बाकीच्यात मिसळून टाका. मी म्हणाले, "घराघराचा कापूस वेगळा असतो, सर." त्यांना ते शास्त्रीय वाटलं. मग तुमच्या कापसाचा कागद वेगळा झाला, त्याची कुंडीही वेगळी.

तुम्हाला नेलं तेव्हा मी उंबऱ्याच्या आत उभी होते. आपल्यातल्या बायका कब्रस्तानात जात नाहीत. भाई माती देऊन आला, त्याची नखं काळी झाली होती, मी त्याच्या हातावर पाणी घातलं. रडू आलं नाही, नंतरही कधी आलं नाही. कुंडी भरताना त्या कागदावर मी माझ्या हातानं माती लोटली, तेव्हाही काही वाटलं नाही. हात धुतले आणि चहाला गेले.

बाकीच्या कुंड्या उकरून झाल्या. माती चाळली, चाळणीत काहीच उरलं नाही. काही सापडलं नाही म्हणजे जमलं, असं म्हणत सरांनी सगळ्यांना पेढे वाटले. तुमची कुंडी उशिरा भरलेली, म्हणून तेवढी राहिली आहे. तीही रिकामी निघाली की काम पुरं होईल आणि माझी नोकरी पुढे चालू राहील. सर जाता-येता विचारतात, पाणी वेळेवर घालताय ना. मी हो म्हणते.

अब्बा, ओल नसली की मातीत काही कुजत नाही. तुमच्या कुंडीला मी अजून पाणीच घातलेलं नाही.