मातकट स्वेटर, राहते घर आणि इतर मिळकतीची व्यवस्था

मी, हॉस्पिटलच्या क्ष-किरण विभागातून निवृत्त झालेली आणि गल्लीत एक्स-रेबाई म्हणून ओळखली जाणारी, हा मजकूर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. त्याचा शिक्का मी उजेडात धरून पाहिला, खरा आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दुकानातल्या गोडबोल्या मुलींना आयुष्यभर जे जमले नाही, ते घरच्यांना काय जमणार? याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. तसा कागद कोणी पुढे आणलाच, तर तो बनावट समजावा.

१. राहते घर. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी माझ्या पश्चात माझा एकुलता मुलगा आणि सून यांची समाईक राहतील. एकट्या मुलाच्या नावावर न करण्याचे कारण लिहून ठेवते, म्हणजे मागाहून तर्क नकोत. एका नामांकित खेळाडूने जे बूट घातले तेच माझा मुलगा घेतो. खेळाडू ते घालून धावतो. माझा मुलगा ते घालून सोफ्यावर बसतो आणि त्याला धावताना बघतो. उद्या तो खेळाडू टीव्हीवर म्हणाला की घरे विका, तर? सून मात्र शिवण ताणून पाहिल्याशिवाय साधा सदरा घेत नाही. तिच्या सहीशिवाय घर विकता येऊ नये.

२. बँकेतील ठेव दोघांना निम्मी निम्मी.

३. कपाटातील कपडे ज्याला हवे त्याने न्यावेत. त्यांवर कोणत्याही कंपनीचे नाव छापलेले नाही. दुसऱ्याचे नाव छातीवर मिरवायचे तर पगार त्याने आपल्याला द्यायला हवा, उलट आपणच पैसे मोजतो, हे कोडे मला सुटले नाही. खणातले भिंग सुनेला. यजमानांचा मोडका काळा चष्मा मुलाला. पोस्टरवरच्या नटासारखा म्हणून ह्यांनी तो घेतला, पहिल्याच दिवशी घातला आणि जिन्याची पायरी न दिसून कोसळले. घोट्याचा फोटो मीच काढला. 'मोडलंय का गं?' हे विचारत होते. 'हाड शाबूत आहे, ऐट मोडली,' असे मी सांगितले होते. चष्मा टाकून द्यायचा नाही.

४. मातकट स्वेटर. या कलमाला जागा जास्त लागेल. 'स्वेटर, एक नग' एवढे पुरे, असे वकील म्हणाले. ते मला मान्य नाही.

हा स्वेटर माझ्या सासूबाईंनी विणला. क्ष-किरण खोलीत थंडी फार, म्हणून माझ्यासाठी. पुढे बटणे, दोन खिसे, आणि डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब, कारण विणताना त्या गप्पा मारत आणि टाके मोजायचे राहून जाई. असाच एक त्यांनी आपल्या लेकीसाठी, म्हणजे माझ्या नणंदेसाठीही विणला होता. नणंदबाईंनी तो घडी न मोडता इस्त्रीवाल्याला देऊन टाकला. 'आई, असलं कोण घालतं आता?' एवढेच म्हणाल्या. सासूबाईंनी सुया पुन्हा हातात घेतल्या नाहीत. ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही.

नणंदबाई कपड्यांच्या बाबतीत श्रद्धाळू. मासिकात नटीने जे घातले ते त्यांना हवेच, आणि माझ्या अंगावर स्वेटर दिसला की, 'वहिनी, ते पोतं घालून माझ्याबरोबर चालू नकोस, मला लोक ओळखतात.' तरी खरेदीला आम्ही जोडीनेच जायचो. त्यांना सोबत हवी असे, आणि मला त्या कशा फसतात ते पाहायचे असे.

मोठ्या चौकात एका बड्या कंपनीचे कपड्यांचे दुकान उघडले. उद्घाटनाला एक प्रसिद्ध नटी येणार होती. नणंदबाई गर्दीत घुसल्या. मी मात्र आतल्या बाजूला कोट उलटे करून अस्तरे बघत होते. एक कोट घालून पाहावा म्हणून ट्रायल रूममध्ये शिरले, तर शेजारच्या पडद्यामागून दबका आवाज आला.

'कोणी आहे का? बाई आहे का?'

'बाईच आहे. काय झालं?'

'चेन उसवली हो पाठीवरची.'

पडदा सरकवला तर आत तीच नटी, भिंतीला पाठ लावून उभी. पर्समधली पिन काढून मी लावायला गेले, पण कापड इतके तकलादू की पिनेनेच फाटायला लागले.

'हा याच कंपनीचा ना?' मी विचारले. 'जाहिरातीत तर तुम्ही म्हणता, मी रोज हेच घालते.'

'रोज कुठला! संध्याकाळी परत द्यायचाय. डाग पडला तर माझ्याकडून भरून घेतील.' ती हसली, मग माझ्याकडे पाहत राहिली. 'तुमचा तो स्वेटर द्याल का? तेवढं बाहेर जाऊन येईपर्यंत.'

'परत मिळेल?'

'शप्पथ.'

'शपथ नको. तुमच्या मॅनेजरला बोलवा आणि माझा पत्ता लिहून घ्यायला सांगा.'

तिने खरेच बोलावले. मग सासूबाईंचा स्वेटर घालून, लांब बाही मनगटावर दुमडून, ती बाहेर गेली आणि एकच फोटोंचा लखलखाट झाला. तिचे लोक तिला तसेच गाडीत घालून घेऊन गेले. मी कुडकुडत घरी आले. नणंदबाईंच्या पुढे एक उंच गृहस्थ उभा राहिल्याने त्यांना काही दिसले नव्हते. मी सांगितले तर म्हणाल्या, 'काहीतरीच तुझं!'

स्वेटर परत आला, पण बऱ्याच दिवसांनी, कंपनीच्या पिशवीतून आणि मधले बटण बदलून. एवढे दिवस तो कोणाच्या टेबलावर होता, हे मला तेव्हाच विचारायला हवे होते. पुढच्या हिवाळ्यात हुबेहूब तसाच स्वेटर दुकानाच्या काचेमागे उभा राहिला. मातकटाचे नाव 'ओल्या मातीची छटा' झाले होते. लांब डावी बाही ही 'बंडखोर बाही'. आणि खाली लिहिले होते की, हे डिझाइन नटीच्या आजीच्या आठवणींतून साकारले आहे.

पहिल्याच दिवशी नणंदबाई तो घालून माझ्या दारात. 'बघ वहिनी, याला म्हणतात स्टाइल. बाही मुद्दाम लांब ठेवलीय.'

मी कपाट उघडले आणि माझा स्वेटर त्यांच्या पुढ्यात पसरला. 'वन्सं, ही बाही तुमच्या आईच्या गप्पांनी लांब झालीय.'

त्यांनी अंगातल्या स्वेटरची बाही माझ्याच्या बाहीशेजारी धरून पाहिली. मग त्यांचा चेहरा लाल झाला. 'तू तसाच दुसरा विणून आणलास. मला खाली बघायला लावायला. वर आईला मध्ये आणतेस?'

त्यांनी सगळ्या नातेवाइकांत सांगितले की वहिनी खोटे बोलते. माझा मुलगासुद्धा म्हणाला, 'आई, सोड ना. ती नटी कशाला तुझा स्वेटर घालेल?' ह्यांनी तेवढा विश्वास ठेवला. 'मला पटतं,' हे म्हणाले, 'इतकी वाकडी बाही दुसऱ्या कुणाला सुचणार नाही.' पण बहिणीपुढे बोलायची ह्यांची टाप नव्हती. नणंदबाईंचे नि माझे बोलणे बंद झाले ते झालेच. वर्षे गेली.

मग हे हॉस्पिटलात गेले. जिथे मी नोकरी केली तिथेच, मीच लोकांना बसायला सांगायची त्याच बाकावर मी बसले होते. नणंदबाई आल्या आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसल्या. दुपारी डॉक्टर बाहेर आले. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळले. त्या दारातून असा चेहरा घेऊन येणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिले होते. मला कापरे भरले. नणंदबाई उठल्या, अंगातला कंपनीचा स्वेटर काढला आणि माझ्या खांद्यांवर टाकला. मग शेजारी बसल्या, रडू लागल्या.

माझी खोड वाईट. तशाही वेळी मी कॉलर उलटवून पाहिली. लेबल नव्हते. कात्रीने ओरबाडलेले नव्हे. एकेक टाका उसवून नीट काढलेले.

'वन्सं, लेबल?'

'टोचत होतं,' त्या म्हणाल्या.

त्या कंपनीचे लेबल साटिनचे असते. मी दुकानात बोटाने चाचपून पाहिलेले आहे, ते टोचत नाही. काय टोचत होते ते मी विचारले नाही. उभ्या जन्मात प्रत्येक गोष्टीचे अस्तर उलटून पाहिले. एवढी एक गोष्ट तशीच राहू दिली.

तरी सासूबाईंच्या हातचा मातकट स्वेटर माझ्या नणंदेला मिळावा. मधले बटण कंपनीचे आहे, ते बदलले तरी चालेल. बाही कापून सारखी करू नये.

५. जुनी खाती. नटीला माझी कसलीही तोशीस नाही. तिने शब्द पाळला. कंपनीवर दावा लावता आला असता, असे वकील आता सांगतात. तो लावायचा नाही. पण माझ्या सासूबाईंना भलत्याच कोणाची तरी आजी करून काचेमागे टांगले, त्याबद्दल मी त्या कंपनीला माफ केलेले नाही. हा राग मी मुलगा आणि सून यांच्याकडे समाईक सोपवत आहे. मुलाने निदान त्यांचे मोजे तरी घेऊ नयेत.

६. या सगळ्याची अंमलबजावणी सुनेने करावी. हिशेब ती मुलाला दाखवेलच. मुलाने तिला दाखवावा.

७. साक्षीदार म्हणून मला नणंदबाई हव्या होत्या. आज त्यांनीच मला रिक्षाने इथवर आणले. पण वकील म्हणाले, ज्याला मिळकतीतले काही मिळायचे आहे त्याची साक्ष चालत नाही. म्हणून त्यांना बाहेरच्या बाकावर बसवले आहे आणि त्या फणफणत आहेत. आत्ताच दार ढकलून विचारून गेल्या, 'मला का आत घेत नाहीस? अजून संशय आहे का माझ्यावर?'

'आहे,' मी म्हणाले. 'बसा तिथंच.'

हे सर्व मी वाचून, समजून, खाडाखोड न करता पुरे केले.

(सही)
एक्स-रेबाई

आम्हा दोघांदेखत बाईंनी सही केली, आणि त्यांच्यादेखत आम्ही केली. त्याआधी आमची पेने त्यांनी रद्दी कागदावर चालवून पाहिली.

साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरी: शेजारच्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण (सही)

ठिकाण: वकिलांचे ऑफिस, पहिला मजला, खिडकीजवळचे टेबल
तारीख: वकिलांच्या शिक्क्यात आहे ती, कॅलेंडरशी ताडून पाहिली, बरोबर आहे.