दाता क्रमांक सतरा

७ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पण पुढेमागे शोध नेमका कधी लागला असं विचारलं गेलं, तर तारखा हाताशी असाव्यात.

विषय सोपा आहे. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर अळंब्या उगवल्यासारखी प्रथिनं असतात. त्यांची टोपी सारखी बदलते, म्हणून लस दर वर्षी नवी. देठ मात्र जवळजवळ तोच राहतो. त्या देठाला घट्ट धरणारी अँटीबॉडी काही थोड्या लोकांच्या रक्तात असते, तीही चिमूटभर. ती मिळाली की एकाच औषधात बरेचसे फ्लू आटोक्यात. चोवीस जणांचं रक्त तपासायचं ठरलंय.

मला एकोणीस वर्षांत फ्लू झालेला नाही. याहून जास्त लिहायची गरज नाही.

लोरेदानाला (बायको) जेवताना हे सांगितलं. म्हणाली, "आठ वर्षांपूर्वी झाला होता की. आठवडाभर कण्हत होतास." ती ॲलर्जी होती.

१० नोव्हेंबर, गुरुवार
स्टाफला लस टोचली. मी नाही घेतली. माझं रक्त आहे तसं नैसर्गिक राहायला हवं. नोएमी म्हणाली, "ओरेस्ते, घेऊन टाका. प्रयोगाला काही होत नाही." नोएमी माझ्याहून सात वर्षांनी लहान आहे, म्हणून आमची डायरेक्टर. मी नुसता हसलो.

दुपारी दाता म्हणून रक्त दिलं. नर्सला शीर तिसऱ्या खेपेला सापडली. चांगल्या शिरा खोल असतात. नळ्यांवर नावं नाहीत, फक्त नंबर, आणि कोणाचा कुठला ते आम्हाला कळता कामा नये. मी पाहिलं नाही. नजर गेली. हाताने लिहिलेलं १७.

१२ नोव्हेंबर, शनिवार
धक्का. दात्यांत सासूबाईसुद्धा! आमची टेक्निशियन फिओरेन्झा त्यांना बाजारात चीजच्या दुकानापाशी भेटली आणि वयस्कर दाते हवेत म्हणून गळाला लावून गेली. एर्सिलियाबाई वय एक्याऐंशी, आमच्याच घरात खालच्या मजल्यावर. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलं. विज्ञानाशी संबंध शून्य. मी म्हटलं, आई, या वयात कशाला त्रास? म्हणाल्या, "नर्स गोड होती रे. एका टोचण्यात काम केलं. वर बिस्किटं दिली."
मला बिस्किटं दिली नव्हती.

६ डिसेंबर, मंगळवार, स. ११.४०
सतरा!!
फिओरेन्झाने पाच वेगवेगळ्या फ्लूंची प्रथिनं लावून पाहिली. बाकी तेवीस दात्यांचं कमीजास्त, काहींचं शून्य. १७ च्या एका पेशीची अँटीबॉडी पाचही धरते. देठालाच. सोडतच नाही.

फिओरेन्झा रडायला लागली. दोन हिवाळ्यांपूर्वी तिचे वडील वृद्धाश्रमात फ्लूने गेले. लस घेतली होती, पण त्या वर्षी टोपी भलतीच निघाली. मला फार वाटलं सांगावं, रडू नकोस, ज्याचं हे रक्त तो तुझ्या समोर उभा आहे. पण गुप्तता. नुसता खांद्यावर हात ठेवला आणि अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. म्हणाली, "डॉक्टर, तुमचा पाय वायरवर आहे."

१९ डिसेंबर, सोमवार
स्वभावात बदल करायला हवा. थोडा नम्रपणा. आजपासून कँटीनमध्ये ताट स्वतः उचलून ठेवणार.
उचललं. कोणाचं लक्ष नव्हतं.

रात्री लोरेदानाला फक्त एवढंच म्हटलं की समजा एखाद्याच्या रक्ताने जगाचं भलं होणार असेल, तर त्याने कचरा टाकायला खाली जावं का? म्हणाली, "जावं. आज काचेच्या कचऱ्याचा दिवस आहे, बाटल्याही घेऊन जा."

१३ जानेवारी, शुक्रवार
उंदीर! १७ ची अँटीबॉडी टोचलेले आणि न टोचलेले, दोन्ही गटांना जबर फ्लू दिला. न टोचलेले कोपऱ्यात अंग फुगवून बसलेत, वजन उतरतंय. माझे (१७ चे) चाकावर पळतायत, खातायत, एकमेकांना चावतायत. त्यांच्याकडे बघून भरून आलं. एकाचे मिश्यांचे केस थोडे माझ्यासारखे वाटले.

नोएमीने जाहीर केलं की १७ चं आणखी रक्त लागेल. डॉक्टरांची समिती त्या एकाच दात्याला घरी पत्र पाठवेल. बोलताना ती माझ्याकडे बघत होती. निदान माझ्या दिशेने. मागे घड्याळ आहे.

१६ जानेवारी
पत्र नाही.

१८ जानेवारी
पत्र नाही. पोस्टमन संथ झालाय.

२४ जानेवारी, मंगळवार, स. ९.१५
पत्र आलं. पेटीपाशी मीच उभा होतो. पाकिटावर समितीचा शिक्का. फाडलं, वाचलं. "आपल्या रक्तात आढळलेल्या असामान्य..." डोळ्यांत पाणी. मग वरती मायना पाहिला.
प्रिय श्रीमती एर्सिलिया.

स. ९.५०
समितीला फोन. चूक झाली असणार म्हटलं. बाई म्हणाल्या चूक नाही, आणि दुसऱ्याचं पत्र तुम्ही का उघडलंत?

सं. ६
खाली जाऊन पत्र दिलं. सासूबाईंनी चष्मा शोधण्यात दहा मिनिटं घालवली. वाचून म्हणाल्या, "म्हणजे माझ्यात काही बिघाड आहे का रे?" नाही म्हटलं, उलट. जगात फार थोड्यांकडे असतं ते तुमच्याकडे आहे. चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं पोरं माझ्या तोंडावर शिंकली. घरी नेण्यासारखं एवढंच मिळालं म्हण."

मी ११. नर्स इंग्रजी आकडे लिहिते आणि शेवटच्या 1 ला डोक्यावर एवढी लांब शेपटी काढते की 7 वाटतो. ११ ने पाचांपैकी एकही धरलं नव्हतं.

२५ जानेवारी
रात्रभर विचार केला. सासूबाई गेली बावीस वर्षं रविवारी आमच्याकडे जेवतात. त्यांना तऱ्हेतऱ्हेचे विषाणू पुरवले कोणी? प्रयोगशाळेतून घरी येणारा मीच. म्हणजे मूळ मीच. नोएमीला हे सांगितलं. म्हणाली, "प्रयोगशाळेतून तुम्ही विषाणू घरी नेत होतात, असं मला लेखी देऊ नका."

१६ फेब्रुवारी, गुरुवार
आजपासून कार्निवल. लोरेदाना म्हणाली अजून लस घे, शहरभर खोकला आहे. ११ चं काहीही येवो, एकोणीस वर्षांचा अनुभव कागदाने पुसला जात नाही. मी अस्वलाच्या वेषात जाणार.

१८ फेब्रुवारी, शनिवार
चौकात बँड, कागदाची फुलं, मोठ्या कढईतला रिसोटो भात. अनोळखी चाळीसेक लोकांना मिठ्या मारल्या. अस्वल लोकप्रिय झालं. प्रकृती ठणठणीत.

२० फेब्रुवारी
अंग थोडं दुखतंय. नाचलो म्हणून.

२१ फेब्रुवारी
ताप ३९.६ सेल्सिअस. ॲलर्जी.

२३ फेब्रुवारी
ॲलर्जी नाही. फिओरेन्झाने दारातूनच नाकात काडी घालून नमुना नेला. यंदाचाच, बाजारात चालू आहे तो. अगदी सामान्य.

लोरेदाना दाराबाहेर ताट ठेवून पळते. सासूबाई मात्र खुशाल पलंगाशी येऊन बसल्या. मी ओरडलो, आई, जवळ येऊ नका! मास्क लावून म्हणाल्या, "गप रे. लस घेतलीय मी. तुझ्यासारखी अक्कल गहाण नाही ठेवली." चमच्याने रस्सा पाजला. गाल पुसले. मला पाच वर्षांचं पोर झाल्यासारखं वाटलं आणि वाईट वाटलं नाही. हे कोणाला सांगायचं नाही.

२ मार्च, गुरुवार
फिओरेन्झा रक्त न्यायला घरी आली. म्हणाली आजारी पडून आठवडा झाला की रक्तात नव्या पेशींचा पूर येतो, तुमचं रक्त आत्ता खरं कामाचं आहे. उठून बसलो. फिकट दिसत होतो, पण करारी.

१४ मार्च
माझा निकाल. अँटीबॉडी भरपूर! फिओरेन्झाने खरंच भरपूर हाच शब्द वापरला. सगळ्या यंदाच्याच टोपीला धरतात. पुढच्या वर्षी उपयोग नाही. मग ती म्हणाली, "डॉक्टर, १७ वाल्या बाईंना माझ्यातर्फे काही नेता का?" स्वतः केलेला बदामाचा केक होता. वडिलांना आवडायचा म्हणे. सरळ घरी नेला. कोपऱ्याएवढासुद्धा तोडला नाही. नम्रपणा टिकतोय.

३० मार्च, गुरुवार
सासूबाईंनी दर महिन्याला रक्त द्यायचं कबूल केलंय. अट एकच, बसने येणार नाही. तेव्हा महिन्यातला एक गुरुवार मी त्यांना गाडीतून आणायचं असं नोएमीने ठरवलं. प्रकल्पातली माझी जबाबदारी वाढली.

आज पहिली खेप. त्यांच्यासाठी दरवाजा धरून उभा होतो. नोएमी स्वतः खाली आली, फिओरेन्झाने गळामिठी मारली, नर्सने खुर्ची आणली. स्वागतकक्षात नवी मुलगी बसते. तिने सासूबाईंची नोंद केली आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, हे कोण?

सासूबाई म्हणाल्या, "माझा जावई. इथेच कुठेतरी काम करतो."