मोर्विनाकची वाइन घाई करत नाही

२२ सप्टेंबर

थांबले! सगळ्यांनी वेड्यात काढलं, तरी थांबले.

पाऊस येतोय म्हणून आसपासच्या मळ्यांवर नुसती पळापळ. त्यांची द्राक्षतोडणी आज उरकलीसुद्धा. मोर्विनाक मळ्याची वाइन आधी बाबा करायचे, आता मी; फेर्नाँ तेव्हा त्यांच्या हाताखाली, आता माझ्या. तळघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "ओदीलबाई, वाइन करायचीय की मनुका?" मी काबर्ने द्राक्षाचा एक दाणा त्याच्या तोंडात कोंबला. "बी चाव." चावली. तोंड वाकडं केलं. "मग?" म्हटलं. बी थुंकली आणि गेला कामाला.

दुसरी जात मेर्लो, ती कधीच तोडून आत आली. गोड, मऊ, सगळ्यांची लाडकी. पण मोर्विनाकची वाइन उभी राहते ती काबर्नेच्या जोरावर. ती कच्ची घेणार नाही म्हणजे नाही.

२५ सप्टेंबर

पाऊस. दिवसभर. दर तासाला वेलींकडे फेरी.

२९ सप्टेंबर

वारा फिरला! पूर्वेचा, कोरडा, खणखणीत. आमची जमीन सगळी गोट्यांची, पाणी धरतच नाही. घड हातात घेतले — टणक, कोरडे. बी चावली — भाजलेल्या बदामासारखी!

फेर्नाँ म्हणतो, "नशीब." असेना का. नशीबसुद्धा थांबणाऱ्यालाच भेटतं.

४ ऑक्टोबर

तोडणी संपली. अंगणात वेलीच्या काटक्या पेटवून त्यावर मांस भाजलं. तोडणीवाल्यांनी इथल्या रिवाजाप्रमाणे उरलेल्या सूपमध्ये वाइन ओतून वाट्या तोंडाला लावल्या, मीही लावली.

मादाम एर्माँस काठी टेकत आल्या. चौऱ्याऐंशी वर्षांची मालकीण, पण पाठ ताठ. टाकीतला रस चाखला, बराच वेळ तोंडात घोळवला, थुंकला. म्हणाल्या, "तुझ्या बापापेक्षा हट्टी आहेस."

एवढंच! पण बाबांना आयुष्यभरात एवढंही मिळालं नव्हतं. घरी येईपर्यंत एकटीच हसत होते.

१७ जानेवारी

आज मिश्रणाचा दिवस. कुठली टाकी मळ्याच्या नावाच्या मोठ्या वाइनमध्ये जाणार, कुठली दुसऱ्या, स्वस्त बाटलीत, ते आज ठरायचं. टेबलाशी मादाम, मी आणि मस्यू व्हालेन. दहा मळ्यांना सल्ला देणारे, सुगंधी रुमालवाले. (वाइन चाखायला येताना अत्तर! बाबांनी हाकलून दिलं असतं.)

"मेर्लो थोडी वाढवा," व्हालेन म्हणाले. "एप्रिलमध्ये पत्रकार चाखायला येतील. पहिल्या घोटातच आवडायला हवी."

म्हटलं, "मस्यू, आमची वाइन एप्रिलमध्ये कुणाकडे बघून हसत नाही. पंधरा-वीस वर्षं तोंड वळवून बसते. मग बोलायला लागली की थांबत नाही."

मला वाटलं, मादाम आता टेबलावर हात आपटून व्हालेनना गप्प करणार. दरवर्षी आपटतात. आज म्हणाल्या, "उद्या बघू."

१८ जानेवारी

मादामनी स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. कॉफी स्वतः ओतली. मग म्हणाल्या —

"लग्न होऊन या घरात आल्यापासून लोकांना सांगतेय, थांबा, घाई करू नका. आता मलाच थांबता येणार नाही गं, ओदील. यंदाची फार चांगली आहे. जीभ अजून मेलेली नाही माझी. ही एक लवकर उमलेल अशी कर. मला प्यायचीय."

कॉफी तशीच ठेवून आले.

२० जानेवारी

मऊ मिश्रण करून पाहिलं. वाईट झालं असतं तर किती सोपं होतं! पण छान झालंय. गोल, गुळगुळीत, पिकल्या प्लमसारखं.

फेर्नाँला पेला दिला, काय आहे ते न सांगता. "मस्त," म्हणाला. "कुठली म्हणशील?" जरा विचार करून म्हणाला, "कुठलीही असेल."

कुठलीही!

२१ जानेवारी

सांगून आले. "मादाम, नाही करणार."

"इथे मालक कोण आहे?"

"तुम्ही. हवं तर मला काढा. पण मी आहे तोवर मोर्विनाकच्या नावाखाली ती जाणार नाही."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "जाताना दार लावून घे."

१२ फेब्रुवारी

तीन आठवडे मादाम तळघराकडे फिरकल्या नाहीत. रस्त्यात गाडीतून दिसतात, पुढे बघत. फेर्नाँ म्हणतो, "सामान बांधायला घे."

आधीच्या वर्षीच्या वाइनमध्ये अंड्यांचा पांढरा बलक घातला, गाळ बसायला. उरलेले पिवळे बलक बेकरीवालीने नेले, तिच्या कानले केकसाठी. दिवसभर हात चालू, डोक्यात एकच. म्हातारीने एक घोट मागितला आणि मी नाही म्हटलं.

संध्याकाळी पिंपातून यंदाची चाखली. काळीभोर, कडक, सरळ. कुणाची आहे ते पहिल्या थेंबाला कळतं. मान खाली घालावी असं काही केलेलं नाही मी. तरी झोप नाही.

४ एप्रिल

पत्रकार आले. शिष्टासारखं हुंगलं, खळखळवलं, थुंकले. एक उंच, चष्मेवाला म्हणाला, "फारच कडक. दारच उघडत नाही ही." व्हालेननी माझ्याकडे पाहिलं — बघ!

तेवढ्यात मागून काठीचा आवाज. मादाम! काळा पोशाख, मोत्यांची माळ. कुणाशी न बोलता पेला उचलला, घोट घेतला. तोंड असं वाकडं केलं की मी डोळेच मिटले.

"मला तरी कुठे उघडतेय?" म्हणाल्या. "मी मालकीण, मी हात जोडले, तरी या बाईने मला नाही म्हटलं. तुम्ही कोण लागून गेलात? घाई असेल त्यांनी शेजारच्या मळ्यावर जावं. तिथे लवकर हसतात."

चष्मेवाल्याने पेला पुन्हा पुढे केला.

बाबा, तुम्ही हवे होतात!

पण मादाम माझ्याकडे न बघताच निघून गेल्या.

९ एप्रिल

चर्चमागच्या उतारावर सकाळी ट्रॅक्टर दिसला म्हणून गेले. नांगरलेल्या मातीत खुर्ची टाकून मादाम बसलेल्या, पायात गमबूट, मांडीवर काबर्नेच्या रोपांची जुडी. जानेवारीपासून रोपवाटिकेवाल्यांशी भांडत होत्या म्हणे, हवा तो वाण मिळेना म्हणून. मी समजत होते, माझ्यावर रुसल्यात.

मला बघून ओरडल्या, "उभी काय राहिलीस? यांच्यातून काही घडायला वीस वर्षं लागणार आहेत. ये लवकर, उशीर होतोय!"