मालूच्या बेडकांची कॅसेट

११ जुलै १९९६
घरात आलं – बाजरी एक पोतं, गूळ दोन किलो, होमाचं तूप. मालूचं पत्र बैरंग, दोन रुपये भरून सोडवलं. जोधपूरला एवढा शिकतोय भाऊ माझा, आणि तिकीट लावायला विसरतो!

पाऊस पडला की येणार म्हणतो. आमच्या तळ्यातल्या दुर्मीळ बेडकांचा आवाज टेप करायचाय. सासूबाई म्हणाल्या, बायको मिळेना म्हणून बेडकी शोधतोय का?

हे हसले नाहीत. तळ्याची माती हे वीटभट्टीला विकतात. मालू म्हणतो, बेडूक वर्षभर त्याच मातीत निजतो, पाऊस झाला की दोन-तीन रात्रीच ओरडतो. आवाज हाती आला, की कलेक्टर खोदकाम बंद करतील.

१३ जुलै
पाऊस.

१४ जुलै
काल रात्री तळ्याकडून ह्यांची हाक आली – शिकारी! हरणं राखणाऱ्या आम्हा बिश्नोईंत ही हाक ऐकली की भरल्या ताटावरून माणूस उठतो. जो तो लाठी घेऊन पळाला. तळ्याकाठी एकजण आडवा, कपाळाला दिवा. हरणांचे डोळे दिपवायला शिकारी असाच दिवा लावतात. मग कोण थांबतो? दोन्ही नडग्या मोडल्या. बरगड्या मोडल्या. पडलेल्या माणसावर नाचावं तसे नाचले. शेवटी कोणीतरी काडी ओढून तोंड पाहिलं.

मालू! बसमधून उतरून घरी न येता थेट तळ्यावर गेला होता.

जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर. जबडा एका बाजूला लोंबत होता. ओढणी पिळली तर रक्त निथळलं. ह्यांनी कपाळ बडवून घेतलं. अंधारात मेहुणा कसा ओळखायचा, धापू, म्हणून रडले.

गावाने ठरवलं, कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही. मीही मान हलवली. अंधारात झालेली चूकच ती. पण मालूने एकदा तरी नाव का नाही सांगितलं?

१५ जुलै, अमावस्या
उपास. होम. जोधपूरच्या इस्पितळात मालूजवळ माझे बाबा आहेत. शुद्ध नाही.

१६ जुलै
पाणी गाळलं. फडक्यातले जीव परत सोडायला तळ्यावर गेले – नियमच आहे आमचा. काटेरी झुडपाखाली पिशवी, आत मालूचं टेपचं यंत्र, कोरडं. माणसाच्या चाहुलीने बेडूक गप्प होतात, म्हणून लांब ठेवलं असेल.

गोठ्यात बसून ऐकलं. नुसते बेडूक. ओला माठ बोटाने घासावा तसे. मग पावलं, एकाच माणसाची.

“जीजा, मी मालू.”

“ठाऊक आहे.” ह्यांचाच आवाज.

मग लाठी. हाड फुटल्याचा आवाज वेगळा असतो. मालूचं नुसतं घशातून घुरघुरणं. आणखी एक लाठी. मग ह्यांची हाक – शिकारी!

पहिला घाव जबड्यावरच घातला. नाव कसं सांगणार?

हे जेवायला आले. वाढलं. म्हणाले, भाजीत मीठ जास्त झालंय.

१७ जुलै
आमच्या गुरू जांभोजींनी दया सांगितली. खोटं बोलू नका, हेही सांगितलं. रात्रभर जागीच.

१८ जुलै
ठाण्यात कॅसेट दिली. ह्यांचं नाव मीच सांगितलं. दुपारी जीप येऊन ह्यांना घेऊन गेली. सासूबाईंनी माझं अंथरूण अंगणात फेकलं.

बाबांना पत्र टाकलं, तिकीट लावून – मालूच्या कानाशी सांगा, बेडूक टेपवर आलेत. त्याने हात दाबला का, उलट टपाली कळवा.