सूर्य तेवढा राहिलाय

प्रिय ठकूताई,

अक्षर आईचं आहे, बोलणारा मी, तुझा बाबा. माझे हात रंगाने बरबटलेत म्हणून तिला लिहायला बसवलंय. मध्येच ती स्वतःचं काही घुसडेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

आधी बातमी. नाट्यगृहातला आजोबांनी रंगवलेला रस्त्याचा पडदा शेवटी फाटला. कापडच विरलं होतं, शिवून शिवून किती शिवणार! मॅनेजर म्हणाले, हंगाम सुरू व्हायच्या आत तस्साच नवा रंगवून द्या, नाहीतर छापील लावतो. छापील म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं, हो म्हणून बसलो. आता आपल्या शेडमध्ये भिंतीला कापड ताणलंय आणि मी रोज त्याच्यापुढे उभा.

तुला आठवतच असेल: वाण्याचं दुकान, नळ, दिव्याचा खांब आणि वर उजव्या कोपऱ्यात सूर्य. सूर्य उजवीकडे, म्हणजे सावल्या डावीकडे पडायला हव्यात. आजोबांच्या त्या उजवीकडेच पडतात. शेडला खिडकी एकच, डाव्या हाताला. जन्मभर त्याच उजेडात रंगवलं, सावली उजवीकडेच पडते हे त्यांच्या हातात बसलं होतं. वाण्याचं काम करणारे म्हातारे नट म्हणायचे, तुमच्या गावात सूर्य नुसता शोभेला आहे. आजोबा म्हणायचे, लोक नाटक बघायला येतात, सावल्या तपासायला नाही. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, माझंही तेच झालं.

परवा तुझा कार्टूनचा सिनेमा पाहिला. गोष्ट फारशी कळली नाही, ती माकडं भलतीच बडबडी आहेत. पण मागची चित्रं तुझी, म्हणून मी मागेच बघत होतो. एका अंगणात उजवीकडे कंदील आहे आणि विहिरीच्या रहाटाची सावली थेट कंदिलाकडेच पडली आहे! मी मोठ्यांदा हसलो. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. मग हसता हसता रडायलाच लागलो, आईला रुमाल द्यावा लागला. (तो अजून परत मिळालेला नाही. – आई)

त्या खिडकीखाली फरशीवर बसून तू खडूने रेघोट्या मारायचीस, तेव्हा तुला कोणी काही शिकवत नव्हतं. तू कॉम्प्युटरवर चित्रं काढायला लागलीस तेव्हा वाटलं, आपलं काम माझ्यापाशीच संपलं. तोंडाने बोललो नाही, पण सलत होतं. आणि आजोबांची चूक, त्यांनी कधी न पाहिलेल्या यंत्रातून, तुझ्या हातून उतरली. जन्मभर काय केलंस असं कोणी विचारलं, तर आता मी ती विहीर दाखवीन.

आता खरं सांगतो. हात स्वच्छ आहेत. गेल्या महिन्यातल्या आजारपणात उजवा हात कामातून गेलाय. तू काळजी करशील म्हणून कळवलं नाही. खालचं सगळं डाव्या हाताने झालं, आकाश लांब दांड्याच्या ब्रशने फासलं. सूर्य तसा फासता येत नाही. शिडीवर चढायला डॉक्टरांची बंदी आहे, आणि मी चोरून चढू नये म्हणून आई शिडीवरच बसून हे लिहिते आहे. हंगामाआधी ये आणि तेवढा सूर्य काढ. सावल्या मी आजोबांच्याच ठेवल्यात. सूर्य डावीकडे काढलास तर सगळं एकदाचं बरोबर होईल. उजवीकडे काढलास तरी मी काही बोलणार नाही. दोन्ही कोपरे मोकळे ठेवलेत.

तुझाच, शिडीखाली उभा असलेला,
बाबा